वरच्या खोलीत अडगळ

काच कापणाऱ्या माणसाला थापा मारता येत नाहीत, असा त्या गल्लीचा समज होता. सुताराची फळी आखूड पडली तर तो पाचर ठोकून निभावून नेतो, शिंपी टाका उसवून पुन्हा घालतो. पण काच एकदा चुकली की चुकली. काचवाले काका खिडकीचं माप घ्यायला स्वतः जात, घरी येऊन काच कापत, आणि ती चौकटीत तिथेच उगवल्यासारखी बसे. त्यामुळे गल्लीत दोघांची जुंपली की तिसरा म्हणायचा, "काकांना विचारा." काका जे म्हणतील ते, तिथे विषय संपला. काकांना हे आवडत असे. तोंडाने ते "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत, पण आवडत असे.

रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. दुकानामागे स्वयंपाकघर आणि एक खोली, तिथे ते आणि काकू. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घराच्या बाजूने एक लोखंडी जिना वर जायचा आणि वरच्या एका खोलीत ताई राहायच्या, भाड्याने.

ताई बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, हे गावातल्या प्रत्येकाला त्यांच्याच आवाजात ठाऊक. त्या जिना उतरू लागल्या की गल्लीतली पोरं नाक दाबून ओरडत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, ताई सुटत आहेत." ताई हसून पुढे जात. घरी मात्र त्या इतकं हळू बोलत की दुसऱ्यांदा विचारावं लागे. काकू म्हणायच्या, "आवाज स्टँडवरच ठेवून येतात बिचाऱ्या. सरकारी माल आहे तो."

चाळिशी उलटलेली बाई, मागेपुढे कोणी नाही. काकू आजारी पडल्या की खालचा स्वयंपाक ताईंकडे. मोठी काच उचलायला दोन माणसं लागतात. काकांचा जुना जोडीदार काम सोडून गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी काचेची दुसरी कड ताई धरायच्या. भाडेकरू आहे हे काकांना फक्त महिन्यातून एकदा आठवे, तेही ताईंनी पैसे पुढे केल्यावर.

आता कराचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथूनच बिघडली.

पूर्वी कर म्हणजे लांबून येणारा माणूस. तो राजधानीहून यायचा, खोल्या मोजायचा, आकडा ठरवून जायचा, आणि भरलेला पैसा त्याच्या मागोमाग वर जायचा. परत आलेला कोणी पाहिला नाही. म्हणून लोक खोल्या लपवत. दारापुढे कपाट सरकवायचं, जिन्याला फळ्या मारायच्या. यात लबाडी आहे असं कोणाच्या मनातसुद्धा येत नसे. पावसात छत्री उघडावी तसं ते होतं. काकांचे वडील म्हणत, "सरकारला खोली दाखवली की अर्धी त्याची झाली." काका लहानपणी त्या कपाटामागे बसलेले होते, तोंडावर हात ठेवून. पुढे कधी तो माणूस आला तर ताई कामावर असत, जिन्याच्या दाराला कुलूप असे, आणि कोणी काही विचारत नसे.

मग कारभार बदलला. प्रांताला आपल्यापुरतं राज्य आपण चालवायची मोकळीक मिळाली, आणि प्रांताने त्यातली थोडी गावांच्या पदरात टाकली. पण मोकळिकीबरोबर वरून येणारा पैसाही आटला. आपलं आपण गोळा करा, आपलं आपण खर्च करा. नगरपालिकेने आधी दर वाढवून पाहिले. लोकांनी आणखी खोल्या लपवल्या. शेवटी कोणाच्या तरी डोक्यातून गल्लीसभा निघाली. प्रत्येक गल्लीने एकत्र बसायचं, प्रत्येक घराने उठून आपल्याकडे काय काय आहे ते शेजाऱ्यांदेखत सांगायचं. त्यावर कर ठरणार, आणि जमलेल्यातला अर्धा भाग त्याच गल्लीला परत. मात्र पडताळणीत एक जरी घर खोटं निघालं, तर त्या गल्लीचा अर्धा भाग बुडाला.

गल्लीत एक गटार होतं, घरांच्या उंबऱ्यांना लागून, उघडं. दरवर्षी कोणाचा ना कोणाचा पाय त्यात जायचाच. अर्धा भाग आला तर त्यावर फरशा टाकता येणार होत्या. गल्लीने काकांना अध्यक्ष केलं, आणि काका घरोघर समजावत हिंडले. सगळ्यात अवघड होते किराणा दुकानदार. उधारी मागायला आलेल्याला ते नेहमी "उद्या या" म्हणत, म्हणून त्यांचं नावच उद्या-या पडलं होतं.

"काका, आजवर त्यांच्या बापाला दाखवलं नाही ते आता त्यांना का दाखवू?" उद्या-या म्हणाले.

"त्यांना म्हणजे कोणाला? आता ते म्हणजे आपणच."

"आपणच? मग तर अजिबात नको. आपल्याला मी चांगला ओळखतो."

पण काकांनी चिकाटी सोडली नाही. पैसा आता वर जात नाही, आपल्याच दारात पडतो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की काकू झोपेतही तेच ऐकू येतं म्हणायला लागल्या.

सभा शाळेच्या एका वर्गात भरली. मोठी माणसं लहान पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. शाळेतल्या बाई, ज्या गल्लीतच राहत, लिहायला बसल्या. साक्षीला पालिकेचा कारकून आला होता. भाडेकरूंनाही बोलावलं होतं. ताई स्टँडवरून थेट आल्या आणि मागच्या बाकावर काकूंशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

सुरुवातीला लोक चाचरले. मग पुठ्ठ्याचे खोके बनवणारी आजी उठली आणि म्हणाली, "माझ्याकडे दोन विद्यार्थी राहतात. भाडं घेते. जेवण फुकट घालते, ते लिहू नका." लोक हसले आणि गाडी रुळावर आली. उद्या-या उठले, खाकरले.

"दुकान तर दिसतंच सगळ्यांना. खाली तळघर आहे. म्हणजे, आहे तेही. माल असतो."

"आणि उंदीर?" मागून कोणीतरी.

"उंदीर भाडं देत नाहीत."

पुन्हा हशा. एकेक जण उठत होता, पिढ्यान्‌पिढ्या दडवलेली खोली सगळ्यांसमोर ठेवत होता आणि खांद्यावरचं पोतं उतरवल्यासारखा खाली बसत होता. काका बघत होते. हे आपण घडवलं, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच.

अध्यक्षाने शेवटी सांगायचं असतं. काकांनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. दुकान एक, राहती खोली एक, भाड्याची खोली एक. इतका वेळ गप्प बसलेल्या कारकुनाने मान वर केली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हं. आणि तुमचं?"

त्या "हं"मध्ये काय होतं कोण जाणे. जुना, लांबून येणारा माणूस अगदी असंच विचारायचा. काकांच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते त्यांचे नव्हतेच.

"खाली दुकान. मागे आम्ही दोघं. वर... वर काही नाही. वरच्या खोलीत अडगळ असते."

शाळेतल्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. मागच्या बाकाकडे बघायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. खरं तर कोणीच तिकडे बघितलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून न बघितल्यामुळे ते बाक आणखीच दिसत राहिलं. अजून वेळ गेली नव्हती. "अहो, चुकलो," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात उद्या-या म्हणाले, "झालं मग. लिहा बाई. काकांनी सांगितलं म्हणजे सांगितलं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते सांभाळून घेण्यासाठी म्हटलं होतं.

बाईंनी लिहिलं. नोंद कारकुनाबरोबर पालिकेत गेली. मागाहून बदललेली नोंद खोटीच धरायची, असा नियम होता.

परतताना काकू आणि ताई पुढे चालत होत्या, काका मागे. घरी आल्यावर काकूंनी पानं घेतली. काका बसले. काकूंनी वाढलं आणि मग म्हणाल्या, "अडगळीला विचारून या, जेवली का ते."

काकांनी घास ताटात परत ठेवला.

"मी नाही जाणार," काकू म्हणाल्या. "मला जिन्याला तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत तुम्ही. तुम्ही जा."

काका निम्म्या जिन्यापर्यंत गेले. वर दिवा होता, भांड्याचा आवाज येत होता. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि खाली आले. "झोपल्यात," असं काकूंना सांगितलं.

ताई दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्याच उतरल्या, "येते काका" म्हणाल्या. रागावल्या असत्या, भाडं आपटलं असतं, तर काकांना काहीतरी उत्तर सुचलं असतं. पण त्या रागावल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्या खाली आल्या, पदर खोचला आणि विचारलं, "आज मोठी आहे ना?"

आरशाच्या दुकानाची काच होती, माणसापेक्षा उंच. दोघांनी दोन्ही कडा धरून ती टेबलावरून उचलली आणि उभी केली. काच मध्ये होती, पलीकडून ताई म्हणाल्या, "काका, पडताळणी घरोघर होणार म्हणे. अध्यक्षांच्या घरी तर होणारच."

"येऊ देत."

"मी मागच्या गल्लीत एक खोली बघितली आहे."

काकांना काच खाली ठेवता येईना. हात जोडता येईनात, तोंड फिरवता येईना. ते म्हणाले, "ताई, मी पालिकेत जाऊन सांगतो, चूक झाली माझी."

"मग गल्लीचा भाग जाईल. गटार तसंच राहील."

"राहू दे."

"लोक काय काय बोलतील तुम्हाला."

"बोलू देत. तेवढं तरी बोलू देत."

"मला नाही ऐकवणार, काका," ताई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता तसंच असलेलं बरं. सरका थोडे, दार लागेल."

काच त्यांनी हातगाडीत नीट ठेवली. काका पालिकेत गेले नाहीत. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. सकाळी निघायचं ठरवत आणि कुणाच्या तरी खिडकीचं माप घ्यायला जात.

ताई गेल्या त्या दिवशी सगळी गल्ली मदतीला आली. उद्या-यांनी दुकान बंद ठेवून आपली ढकलगाडी दिली. शाळेतल्या बाईंनी भांडी कागदात गुंडाळली. खोकेवाल्या आजीने नवे खोके दिले, तेही पैसे न घेता. एरवी चार माणसं जमली की कलकल करणारी गल्ली, पण त्या दिवशी "सांभाळून", "पाय बघ" याशिवाय कोणी बोललं नाही. काका गादीचं एक टोक धरायला पुढे झाले तर कोणीतरी म्हणालं, "तुम्ही राहू द्या काका, कंबर आहे तुमची." ते दुकानाच्या दारात उभे राहिले. आपला शब्द खरा करायला एवढी माणसं राबताहेत, आणि आपण बघतोय. काकू आत होत्या. ताई निरोप घ्यायला आत गेल्या तेव्हा दार लोटलेलं होतं, काय बोलणं झालं ते काकांना कधी कळलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. दोन-तीन दिवसांनी उद्या-या एक वाकडा तराजू आणि फुटकी बरणी घेऊन जिना चढताना दिसले.

"हे काय?" काकांनी विचारलं.

उद्या-या जरा ओशाळले. "काका, खोली अगदीच रिकामी दिसतेय. तुमच्याकडे अडगळ ती काय असणार, तुम्ही टापटिपीची माणसं. आमच्याकडे हवी तेवढी आहे."

मग रांगच लागली. चाकं नसलेली सायकल आली, पाळणा आला, मोडक्या खुर्च्या, कोणाचा तरी बंद पडलेला पंखा. प्रत्येकजण खाली मान घालून वर जाई आणि खाली मान घालून खाली येई. कोणी हसलं नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर गल्ली वर्षभर हसली असती, आणि काका सगळ्यांत आधी.

कारकून आला. काकांनी दार उघडून दिलं. खिडकीच्या काचेवर ताईंनी लावलेल्या पडद्याच्या दोरीची खूण अजून होती. कारकुनाने सायकल पाहिली, पाळणा पाहिला.

"बरीच अडगळ आहे," तो म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

सभेत बोललेलं वाक्य आता शब्दशः खरं होतं.

कारकून खुशीत होता. जिना उतरताना म्हणाला, "तुमच्या गल्लीचं उदाहरण आम्ही बाकीच्यांना देतो. वसुली दुप्पट झाली इथली, आणि एक तक्रार नाही. असे अध्यक्ष मिळाले पाहिजेत." काकांनी त्याला चहाही विचारला नाही. काकूंनी आतून विचारला.

अर्धा भाग आला. गटारावर फरशा पडल्या, पोरं त्यावर चेंडू खेळू लागली. काका त्या फरशांवरून जायचं टाळत, रस्त्याच्या मधून चालत.

शेवटी एके दुपारी ते स्टँडवर गेले. ताईंचा आवाज डोक्यावरच्या कर्ण्यातून येत होता, मोठा आणि स्वच्छ, प्रवाशांना लक्ष द्या म्हणणारा. त्यांच्या छोट्या खोलीबाहेर काका उभे राहिले. ताईंना दिसले तशा त्या बाहेर आल्या आणि दोन चहा सांगितले. काकू कशा आहेत, मुलीचं काय, असं बोलणं झालं.

"तिकडे बरं आहे ना?" काकांनी विचारलं.

"बरं आहे. मालकीणबाई तशा खाष्ट आहेत. नळ जरा मोठा सोडला की बोलतात." ताई थोड्या थांबल्या. "त्यांच्या गल्लीची सभा परवा झाली. त्या उठून म्हणाल्या, माझ्याकडे वर एक बाई राहतात, स्टँडवर नोकरी करतात, भाडं देतात, लिहा. आणि मला म्हणाल्या, उभ्या राहा हो, दिसू दे सगळ्यांना. मला जरा लाजच वाटली."

हे सांगताना त्या हसत होत्या. त्यांनी ते टोचायला सांगितलं नव्हतं. त्यांना ते खरंच आवडलं होतं, आणि आवडलेली गोष्ट त्या काकांना सांगत होत्या, जशी इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. काका "परत या" म्हणायला गेले होते. ते शब्द त्यांनी चहाबरोबर गिळले.

"मला माफ करा, ताई," ते म्हणाले.

"काका, गाडी लागतेय, मला जावं लागेल," ताई हळूच म्हणाल्या. दारातून वळल्या. "मोठी काच एकट्याने उचलू नका हं."

घरी आल्यावर काकांनी सायकल खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. काकूंनी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "ज्याची त्याला." त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही संध्याकाळी ते एकेक वस्तू घेऊन दारोदार गेले. "ही तुमची." एवढंच. लोक अवघडले. उद्या-या म्हणाले, "राहू द्या की तिथेच, आम्हाला तरी कुठे हवीय." काका म्हणाले, "नको. मला खोली झाडायची आहे." पाळणा दिलेल्या घरात त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

वर्ष सरलं. पुन्हा सभा, पुन्हा तोच वर्ग. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "या खेपेला अध्यक्ष दुसरा कोणीतरी करा." गल्ली ऐकेना. "काकांशिवाय कोण?" असं एकमुखाने ठरलं. त्यांना वाटलं, ही माणसं आपल्याला कधीच काही बोलणार नाहीत. जन्मभर अशीच सांभाळून घेतील.

त्यांची पाळी आली.

"खाली दुकान," ते म्हणाले. "मागे आम्ही दोघं. वर एक खोली. गेल्या सभेच्या वेळी तिथे एक बाई राहत होत्या, आणि मी..."

"काका," शाळेतल्या बाई कारकुनाकडे बघत घाईने म्हणाल्या, "या वर्षाचं तेवढं सांगा."

काका थांबले. कारकुनाने मान वर केली होती. गल्ली त्यांच्याकडे विनवणीने बघत होती, गटार झाकलेली गल्ली. ते म्हणाले,

"या वर्षी वरची खोली रिकामी आहे."

बाईंनी पेन टेकवलं. तेवढ्यात उद्या-या उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई, थांबा जरा. काका, रागावू नका. मी बघून येतो."

वर्गात सगळे चपापले. खोकेवाल्या आजीने त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं, "बस की खाली, मेल्या." आजवर गल्लीत काकांचं माप कोणी पुन्हा घेऊन पाहिलं नव्हतं. काकांना मानेपासून कपाळापर्यंत चटका बसल्यासारखं झालं. हेच आपण इतके दिवस मागत होतो, आणि मिळाल्यावर ते इतकं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "दार उघडंच आहे."

उद्या-या गेले. ते येईपर्यंत काका बसले नाहीत. मागच्या बाकावर काकू एकट्याच होत्या. त्या काकांकडे बघत होत्या, आणि बऱ्याच महिन्यांनी नीट बघत होत्या.

उद्या-या धापा टाकत दारात आले.

"रिकामी आहे," ते म्हणाले. "लिहा."

मग बाईंनी लिहिलं.